टायर फिरवले, आता सेन्सरला काय सांगायचं?

गाडीचे पुढचे टायर मागे आणि मागचे पुढे घेणं, म्हणजे टायर रोटेशन, हे जॅक, पाना आणि दोन तासांची सवड असेल तर घरच्या अंगणात होणारं काम आहे. गगनबावड्यासारख्या गावात ते घरी करायला सबळ कारणही आहे. कोल्हापूर शहर इथून सुमारे ५५ किलोमीटरवर. अधिकृत सर्व्हिस सेंटर गाठायचं तर तेवढं अंतर जाणं आलं. भर पावसात मांडुकलीजवळ रस्त्यावर पाणी चढलं की तोही रस्ता बंद होतो. पश्चिमेला उतरायचं तर करूळ नाहीतर भुईबावडा घाट. अशा ठिकाणी गाडीचं जे जमेल ते स्वतः करण्याची सवय लागते, आणि ती चांगलीच सवय आहे. पण गेल्या काही वर्षांतल्या गाड्यांमध्ये या जुन्या कामाला एक नवं कलम जोडलं गेलंय. चाकं बदलली, नट आवळले, गाडी रस्त्यावर आणली, आणि थोड्या वेळाने डॅशबोर्डवर टायरच्या आकारात उद्गारचिन्ह असलेला पिवळा दिवा लागला. किंवा दिवा लागला नाही, पण स्क्रीनवरचे हवेचे आकडे भलत्याच चाकांसमोर दिसू लागले. मग रीसेट कसं करायचं याची शोधाशोध होते, बटण सापडतं, दिवा विझतो आणि काम संपलं असं मानलं जातं. माझं म्हणणं असं आहे की रीसेट हे या कामातलं शेवटचं आणि सगळ्यांत सोपं पाऊल आहे. त्याआधी थंड टायरमधली हवा हातातल्या गेजने मोजून बरोबर केली नसेल, तर ते पाऊल टाकूच नये. कारण अनेक गाड्यांत चुकीच्या हवेवर केलेलं रीसेट ती चुकीची हवाच बरोबर आहे असं गाडीला शिकवतं, आणि मग जो दिवा वेळेवर लागायला हवा तो उशिरा लागतो.

हा दिवा गाड्यांत आला कशासाठी, हे आधी पाहू. टायरच्या हवेवर लक्ष ठेवणारी यंत्रणा १९८६ सालच्या पोर्शे ९५९ या महागड्या गाडीत होती, पण सर्वसामान्य गाड्यांपर्यंत ती पोचायला मोठी किंमत मोजावी लागली. १९९० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत फोर्ड एक्सप्लोरर गाड्यांना बसवलेल्या फायरस्टोन टायरांचा वरचा थर भर वेगात सुटून येऊ लागला आणि गाड्या उलटू लागल्या. ऑगस्ट २००० मध्ये सुमारे ६५ लाख टायर परत मागवले गेले. मृतांचा आकडा २७० च्या पुढे गेला. टायरच्या बनावटीतले दोष त्यात होतेच. पण त्या गाडीसाठी सुचवलेली हवा अवघी २६ पीएसआय होती, आणि त्यात उन्हाळा, जादा भार आणि महामार्गावरचा वेग यांची भर पडली. हवा कमी असलेला टायर प्रत्येक फेऱ्याला जास्त दबतो आणि पुन्हा सरळ होतो; या सततच्या दबण्यातून उष्णता तयार होते आणि रबर व पोलादी तारांच्या थरांची पकड ढिली पडत जाते. नोव्हेंबर २००० मध्ये अमेरिकेने याबाबत कायदा केला आणि सप्टेंबर २००७ पासून तिथल्या सगळ्या नव्या हलक्या गाड्यांत ही यंत्रणा सक्तीची झाली. शिफारस केलेल्या दाबापेक्षा हवा २५ टक्क्यांनी खाली गेली की दिवा लागलाच पाहिजे, अशी अट तिथे घातली गेली. युरोपात नोव्हेंबर २०१४ पासून प्रत्येक नव्या मोटारीत ती आली. भारतात सरसकट सक्ती नाही. जुलै २०२० मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत बदल झाला, त्यानुसार साडेतीन टनांपर्यंतच्या गाडीत ट्यूबलेस टायर, हवेवर लक्ष ठेवणारी यंत्रणा आणि पंक्चर काढण्याचा संच असेल तर स्टेपनी न देण्याची मुभा कंपन्यांना मिळाली. म्हणजे आपल्याकडे हा दिवा काही गाड्यांत स्टेपनीच्या जागी उभा आहे. त्याच्याकडून नेमकी काय अपेक्षा ठेवायची, हे कळणं त्यामुळे अधिकच गरजेचं झालंय.

ही यंत्रणा दोन अगदी वेगळ्या प्रकारांनी काम करते, आणि रीसेटचा सगळा गोंधळ हा फरक न कळल्यामुळे होतो. पहिला प्रकार अप्रत्यक्ष. यात टायरमध्ये हवा मोजणारं काहीही नसतं. एप्रिल २०१९ पासून भारतातल्या सगळ्या नव्या मोटारींना एबीएस सक्तीचं झालं. त्यासाठी प्रत्येक चाकाजवळ वेग मोजणारा सेन्सर आधीच बसवलेला असतो. त्याच सेन्सरच्या माहितीवर एक गणित चालवलं की हवेचा अंदाज बांधता येतो. हवा कमी झालेलं चाक किंचित दबतं, त्याची फिरण्याची त्रिज्या किंचित घटते, त्यामुळे तेवढंच अंतर कापायला ते बाकीच्या चाकांपेक्षा थोडे जास्त फेरे घेतं. गाडीचा संगणक हा फरक टिपतो. नव्या प्रणाली याशिवाय चाकाच्या कंपनांची वारंवारताही तपासतात, कारण हवा बदलली की टायरचं थरथरणंही बदलतं. जादा भाग लागत नाही, खर्च कमी, म्हणून हा प्रकार आपल्याकडच्या अनेक गाड्यांत आहे. स्कोडा कुशाक आणि फोक्सवॅगन टायगुन ही त्याची ओळखीची उदाहरणं. अशा गाडीत तुम्हाला प्रत्येक चाकाचा आकडा दिसत नाही, फक्त दिवा आणि फार तर एखादी सूचना दिसते.

आता टायर फिरवल्यावर या गणिताचं काय होतं ते पाहा. मोटारीच्या चाकाची त्रिज्या साधारण ३०० मिलिमीटर असते. रेडियल टायरमधली हवा पाव हिश्श्याने कमी झाली तरी त्याची फिरण्याची त्रिज्या घटते ती जेमतेम मिलिमीटरभर. दुसरीकडे नव्या टायरच्या खाचा सात-आठ मिलिमीटर खोल असतात आणि पुढची चाकं ओढणाऱ्या गाडीत पुढचे टायर मागच्यांपेक्षा लवकर झिजतात. दहा-पंधरा हजार किलोमीटरमध्ये पुढच्या-मागच्या खाचांत एखाद-दोन मिलिमीटरचा फरक पडणं नेहमीचं आहे. झीज त्रिज्येत जशीच्या तशी उतरत नाही, तरीही हे दोन्ही फरक एकाच मापाचे आहेत. म्हणजे थोडा झिजलेला टायर आणि थोडी हवा कमी असलेला टायर या यंत्रणेला जवळपास सारखेच दिसतात. म्हणूनच ती सुरुवातीला आपल्या चारही चाकांची सध्याची स्थिती शिकून घेते आणि पुढचा प्रत्येक फरक त्या स्थितीशी ताडून पाहते. तुम्ही पुढचे टायर मागे टाकले की ते शिकलेलं सगळं उलटंपालटं होतं. हवा जागच्या जागी असूनही दिवा लागू शकतो, किंवा खरोखर हवा उतरत असताना जुन्या-नव्या फरकांची वजाबाकी होऊन दिवा लागायला उशीर होऊ शकतो. रीसेट बटण दाबणं म्हणजे गाडीला सांगणं की आता जे आहे ते बरोबर आहे, इथून पुढे याच्याशी तुलना कर. किराणा दुकानदार वजन करण्याआधी तराजूचा पासंग काढतो, तेव्हा पारड्यात मूठभर धान्य राहून गेलं असेल तर त्यानंतरचं प्रत्येक गिऱ्हाईक चुकीचं माप घेऊन जातं. रीसेटचंही तेच.

यातली चूक किती महागात पडू शकते, ते आकड्यांत मांडू. समजा तुमच्या गाडीची शिफारस केलेली हवा थंड टायरला ३३ पीएसआय आहे, पंक्चरवाल्याच्या भाषेत ३३ पॉइंट. कोल्हापूरहून गगनबावड्यापर्यंत गाडी चालवत आलात आणि लगेच टायर फिरवायला घेतले. चालून तापलेल्या टायरमधली हवा तीन-चार पॉइंटने वाढलेली असते. गेजवर ३७ दिसलं, जास्त वाटली म्हणून ३३ पर्यंत सोडली, चाकं बसवली आणि रीसेट केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी थंड टायरमध्ये उरतात साधारण २९ पॉइंट. आता गाडीने बरोबर म्हणून धरलेली स्थिती या २९ ची आहे. इथून पाव हिस्सा हवा गेल्यावर दिवा लागायचा असेल तर तो ढोबळमानाने २२ च्या आसपास लागेल. मूळच्या ३३ पासून मोजलं तर तोवर तिसरा हिस्सा हवा गेलेली असते. दोन छोट्या चुका, म्हणजे गरम टायरची हवा सोडणं आणि न तपासता रीसेट करणं, एकमेकींवर चढल्या आणि जो दिवा २५ ला लागायचा तो २२ वर गेला. टायर तीन तास तरी उभ्या गाडीवर थंड झालेला असावा, किंवा दोन-तीन किलोमीटरपेक्षा जास्त चाललेला नसावा, हा नियम म्हणूनच कडक पाळायचा. गगनबावड्यात हे सोपं आहे: रात्री गाडी दारात लावा, सकाळी ऊन चढायच्या आत हवा मोजा.

आणखी एक गोष्ट सहज विसरली जाते. अनेक गाड्यांत पुढची आणि मागची शिफारस केलेली हवा वेगळी असते, आणि पूर्ण प्रवासी व सामान असताना मागची आणखी वाढवायला सांगितलेलं असतं. टायर फिरवले की मागची हवा पुढे आणि पुढची मागे गेलेली असते. म्हणून क्रम असा ठरतो: चाकं बदला, प्रत्येक टायरमध्ये त्याच्या नव्या जागेची हवा भरा, पुन्हा एकदा गेज लावून खात्री करा, आणि मगच बटणाला किंवा मेनूला हात लावा. रीसेट करताना गाडी उभी आणि इग्निशन चालू असावं लागतं. मग बटण काही सेकंद दाबून धरायचं किंवा टचस्क्रीनवरच्या वाहन सेटिंगमध्ये जाऊन टायरचा पर्याय निवडायचा. बीप वाजला किंवा दिवा लुकलुकला म्हणजे शिकणं सुरू झालं, पूर्ण झालेलं नाही. गाडीला त्यानंतर काही काळ, बहुधा वीस-तीस मिनिटं किंवा जास्त, वेगवेगळ्या वेगाने चालावं लागतं. इथे घाटमाथ्यावरच्या माणसाने थोडा विचार करावा. वळणावर बाहेरचं चाक आतल्या चाकापेक्षा जास्त अंतर कापतं, जोराचा ब्रेक आणि चढावरची ओढ यांनीही चाकाचं फिरणं बदलतं. त्यामुळे ही गणितं सरळ, समान वेगाच्या रस्त्यावर पटकन जुळतात आणि करूळच्या वळणांवर रेंगाळतात. रीसेट केल्यावर पहिला फेरा वैभववाडीकडे काढण्यापेक्षा असळज, साळवण, कळे अशा कोल्हापूरच्या दिशेच्या रस्त्यावर काढलेला बरा.

दुसरा प्रकार प्रत्यक्ष. यात प्रत्येक चाकाच्या आत, व्हॉल्व्हच्या बुडाशी, हवेचा दाब आणि तापमान मोजणारा छोटा सेन्सर असतो. ह्युंदाई क्रेटा आणि किआ सेल्टोस यांच्या वरच्या मॉडेल्समध्ये स्क्रीनवर चारही चाकांचे वेगवेगळे आकडे दिसतात, ते या प्रकारामुळे. सेन्सरमध्ये बॅटरी सीलबंद बसवलेली असते, ती बदलता येत नाही. पाच ते दहा वर्षांत संपली की अख्खा सेन्सर बदलायचा. बॅटरी वाचवण्यासाठी गाडी उभी असताना तो झोपतो, चाक फिरू लागलं की जागा होतो आणि ठरावीक वेळाने रेडिओ संदेश पाठवतो. हवा झपाट्याने उतरली तर लगेच पाठवतो. प्रत्येक संदेशात त्या सेन्सरचा स्वतःचा ओळख क्रमांक असतो, आणि अमुक क्रमांक म्हणजे पुढचं डावं चाक, तमुक म्हणजे मागचं उजवं, ही यादी गाडीच्या संगणकात लिहिलेली असते. इथे टायर फिरवल्याने मोजमाप बिघडत नाही. दाब खराच कळतो. बिघडतो तो पत्ता.

पत्ता चुकल्याने काय होतं, याची कल्पना करून पाहा. जुलैची रात्र, धुकं, पाऊस, भुईबावडा घाट. स्क्रीनवर पुढच्या डाव्या चाकासमोर २४ आकडा येतो आणि लाल होतो. चालक कडेला थांबतो, मोबाइलच्या उजेडात पुढचं डावं चाक बघतो, लाथ मारून पाहतो. टायर कडक लागतो. आठवड्यापूर्वी घरी टायर फिरवलेले आहेत आणि तेव्हापासून यादी जुनीच आहे, हे त्याला माहीत नाही. सेन्सर बिघडला असेल असं समजून तो पुढे निघतो. खिळा घुसलेला टायर मागच्या बाजूला आहे आणि त्याची हवा उतरतच आहे. यंत्राने सगळं खरं सांगितलं, फक्त बोट दुसऱ्या चाकाकडे दाखवलं. शिवाय जिथे पुढच्या आणि मागच्या चाकांसाठी इशाऱ्याची मर्यादा वेगळी ठेवलेली असते, तिथे जागा चुकल्यावर मर्यादाही चुकीच्या चाकाला लागते.

हा पत्ता दुरुस्त करण्याच्या पद्धती गाडीगणिक बदलतात. काही गाड्या सेन्सरच्या संदेशाची वेळ आणि एबीएसच्या चाक-सेन्सरची स्थिती जुळवून कोणता सेन्सर कुठे आहे हे आपणच ओळखतात. अशा गाडीत थोडा वेळ चालवलं की आकडे आपापल्या जागी जातात आणि तुम्हाला काही करावं लागत नाही. काहींत मेनूमधून शिकण्याची अवस्था सुरू करावी लागते आणि हातात मावणारं एक यंत्र प्रत्येक चाकाच्या व्हॉल्व्हजवळ ठरलेल्या क्रमाने धरून सेन्सर जागा करावा लागतो. काहींत वर्कशॉपचा स्कॅनर गाडीच्या निदान सॉकेटला जोडल्याशिवाय यादी बदलतच नाही. तुमच्या गाडीत यातलं कोणतं आहे, हे मॅन्युअल सांगतं. शंका असेल तर एक साधी परीक्षा घेता येते. टायर फिरवल्यावर एका चाकातली हवा मुद्दाम चार पॉइंट कमी करा, थोडं चालवा आणि स्क्रीनवर कोणत्या चाकाचा आकडा कमी दिसतो ते पाहा. मग हवा पुन्हा भरून टाका. बाजारात मिळणारे, व्हॉल्व्हच्या टोपीसारखे बाहेरून बसणारे सेन्सर तुम्ही जुन्या गाडीला लावले असतील तर काम सगळ्यांत सोपं. त्यांच्यावर चाकाची जागा लिहिलेली असते, ते काढून त्या-त्या जागेच्या चाकाला पुन्हा लावायचे. फक्त घाटमाथ्यावरच्या पावसात आणि कोकणातल्या खाऱ्या हवेत ते व्हॉल्व्हच्या आट्यांना गंजून चिकटतात, म्हणून अधूनमधून सैल करून पुसत राहावं.

स्टेपनीबद्दल दोन शब्द. पाचही टायर सारख्या मापाचे असतील तर पाचांचं रोटेशन करता येतं, पण बहुतेक गाड्यांच्या स्टेपनीत सेन्सर नसतो. ती खाली लावली आणि सेन्सरचं चाक डिकीत गेलं की गाडीला एका सेन्सरचा आवाज येईनासा होतो. दिवा अशा वेळी आधी मिनिटभर लुकलुकतो आणि मग लागून राहतो. लुकलुकणं म्हणजे यंत्रणेत बिघाड, आणि सुरुवातीपासून स्थिर लागणं म्हणजे हवा कमी, हा फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे. लहान मापाची स्टेपनी तर रोटेशनमध्ये घेऊच नये.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: दिवा आहे ना, हवा कमी झाली तर तो सांगेलच, मग गेजची उठाठेव कशाला? याला गगनबावड्याचं हवामानच उत्तर देतं. बंद टायरमधला दाब तापमानासोबत बदलतो; ३३ पॉइंटच्या टायरमध्ये तापमान दर १० अंशांनी उतरलं की दाब साधारण दीड पॉइंटने उतरतो. एप्रिलच्या दुपारी कोल्हापुरात ३७ अंशांत हवा बरोबर ३३ केली, आणि जुलैत गगनबावड्यात सकाळी २२ अंशांत गाडी काढली, तर नुसत्या हवामानाने सव्वादोन-अडीच पॉइंट गेले. चांगल्या टायरमधूनही महिन्याला साधारण एक पॉइंट हवा झिरपते; तीन महिन्यांत तीन पॉइंट. उरले साडेसत्तावीस. शिफारसीपेक्षा ही हवा सहावा हिस्सा कमी आहे, आणि २५ टक्क्यांची मर्यादा पावणेपंचवीसवर आहे. म्हणजे दिवा विझलेलाच राहतो. यंत्रणेत बिघाड नाही, ती तिला नेमून दिलेलं काम करते आहे. ते काम धोक्याची घंटा वाजवण्याचं आहे, हवा योग्य ठेवण्याचं नाही. अप्रत्यक्ष प्रकारात आणखी एक आंधळी जागा आहे. चारही टायरांतली हवा एकाच वेगाने उतरली तर चाकांच्या फेऱ्यांत आपसांत फरकच पडत नाही, आणि निव्वळ तुलनेवर चालणारी जुनी प्रणाली गप्प राहते. हवामानाने आणि झिरपण्याने हवा उतरते ती नेमकी अशीच, चारही चाकांत सारखी.

दुसरा आक्षेप अनुभवी चालकांचा: टायरकडे बघून, लाथ मारून किंवा पान्याने ठोकून हवा कळते. ट्रकच्या जोडचाकांत ठोकून पूर्ण बसलेला टायर ओळखता येतो, हे खरं आहे. पण मोटारीच्या रेडियल टायरची बाजू हवा पूर्ण असतानाही थोडी फुगलेलीच दिसते. ३३ आणि २६ मधला फरक उभ्या टायरकडे पाहून डोळ्याला कळत नाही आणि पायालाही कळत नाही. काही शे रुपयांचं गेज तो क्षणात दाखवतं. नायट्रोजन भरला की प्रश्न मिटतो, हा त्याच जातीचा समज. समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाल्यानंतर टायर फुटण्याच्या घटनांमुळे नायट्रोजनची चर्चा महाराष्ट्रभर झाली. कोरडा नायट्रोजन थोडा हळू झिरपतो आणि त्यात ओलावा नसतो, हा त्याचा खरा फायदा आहे. पण आपण भरतो त्या हवेतही सुमारे ७८ टक्के नायट्रोजनच असतो, आणि तापमानाने दाब बदलण्याचा नियम दोघांना सारखाच लागू आहे. मोजावं लागतंच.

तिसरा आक्षेप वजनदार आहे: हे सगळं सर्व्हिस सेंटरने करावं, त्यांच्याकडे यंत्रं आहेत. स्कॅनरशिवाय ज्या गाडीची यादी बदलत नाही, तिच्यासाठी हा आक्षेप मी पूर्ण मान्य करतो. तिथे घरी टायर फिरवले तरी एक फेरी कोल्हापूरची करावीच लागेल. पण बाकीच्यांसाठी नाही. सर्व्हिस सेंटरमध्ये गाडी पोचते तीच ५५ किलोमीटर धावून, तापलेल्या टायरांनी. तिथे मोजलेली हवा थंड टायरची नसते; अंदाजाने तीन-चार पॉइंट जास्त धरून भरली तरी तो अंदाजच. थंड टायरची खरी मोजणी तुमच्या दारातच होऊ शकते. शिवाय हवा किती ठेवायची हे भारावर ठरतं, आणि उद्या गाडीत एकटे जाणार की पाच जण सामानासकट तळेऱ्याकडे उतरणार, हे तुम्हालाच माहीत असतं. करूळ घाट २०२४ मध्ये रुंदीकरणासाठी बंद होता तेव्हा वाहतूक भुईबावडा आणि फोंडा घाटाने वळली होती; रस्ते असे बदलतात, प्रवास लांबतात, आणि दर वेळी कोणी दुसरा हवा बघून देईल यावर विसंबता येत नाही. घाट उतरून वैभववाडीत गेज लावलं आणि आकडा वेगळा आला तरी घाबरू नका. सुमारे पाचशे मीटर खाली आल्यावर बाहेरच्या हवेचा दाब वाढतो, त्यामुळे गेज पाऊण-एक पॉइंट कमी दाखवतं. उलट ब्रेकच्या उष्णतेने टायर तापून आकडा वर जातो. तिथे हवा कमीजास्त करायची नाही आणि रीसेट तर मुळीच नाही.

पावसाचा मुद्दा मी मुद्दाम वेगळा ठेवला, कारण या तालुक्यात त्याच्याइतकं महत्त्वाचं दुसरं काही नाही. गगनबावडा हा महाराष्ट्रातल्या सर्वाधिक पावसाच्या ठिकाणांपैकी एक आहे. इथला पाऊस वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या पुढे जातो. ओल्या रस्त्यावर टायर आणि डांबर यांच्यामध्ये पाण्याचा थर आला की चाक तरंगू लागतं. नासाच्या संशोधकांनी १९६३ मध्ये विमानाच्या टायरांवरून दाखवलं की पाण्यावर तरंगण्याचा वेग टायरच्या दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो. त्या सूत्राने ३३ पॉइंटला हा वेग ताशी ९५ किलोमीटरच्या आसपास येतो आणि २७ ला ८६ च्या. मोटारीच्या टायरमध्ये खाचांची खोली आणि पाण्याची जाडी यांनी हे आकडे बरेच इकडेतिकडे होतात, पण दिशा तीच राहते: हवा कमी तर तरंगणं लवकर. आणि इथे रोटेशनबद्दलच एक सावधगिरी सांगायला हवी. पुढचे टायर फार झिजू दिले आणि नेमके पावसाळ्याच्या तोंडावर ते मागे टाकले, तर मागची चाकं आधी घसरतात आणि गाडीची शेपूट फिरते. ते सावरणं समोरून घसरणारी गाडी सावरण्यापेक्षा कितीतरी अवघड असतं. म्हणून दर आठ-दहा हजार किलोमीटरला, फरक लहान असतानाच टायर फिरवावेत. फरक तीन-चार मिलिमीटरवर गेला असेल तर मेमध्ये फिरवू नये. दोन नवे टायर घेऊन ते मागे टाकावेत. खाचांच्या तळाशी असलेल्या खुणेच्या पट्ट्या १.६ मिलिमीटर उंच असतात. टायर त्या पातळीला आला म्हणजे संपला, पण घाटातल्या पावसासाठी तीन मिलिमीटरलाच तो निवृत्त केलेला शहाणपणाचं.

प्रत्यक्ष काम करताना घाई नको. जांभ्याची ओली जमीन जॅकखाली दबते, म्हणून खाली जाड फळी हवी, गाडी सपाटीवर, हँडब्रेक ओढलेला, जमिनीवर राहणाऱ्या चाकांना दगड. चाक जमिनीवर असतानाच नट सैल करायचे, गाडी उचलल्यावर खाली हात-पाय घालायचे नाहीत. एकच जॅक असेल तर स्टेपनी मधल्या वेळेपुरती लावून एकेक चाक बदलता येतं. टायरच्या बाजूवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर डावा टायर उजवीकडे जाऊ द्यायचा नाही. रिम जिथे टेकते तो हबचा भाग तारेच्या ब्रशने साफ करावा; इथल्या दमटपणात तिथे गंज चढतो आणि चाक पूर्ण टेकत नाही. नट समोरासमोरच्या क्रमाने आवळावेत, मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कने, आणि पन्नास ते शंभर किलोमीटर चालल्यावर पुन्हा तपासावेत. पंक्चर काढायला गेलात तर रिमवरून टायर उतरवण्याआधीच सांगा की आत सेन्सर आहे; व्हॉल्व्हजवळ लोखंडी पट्टी घातली की तो मोडतो. टायरमध्ये ओतायचं पंक्चर-लिक्विडही सेन्सरचं छिद्र बुजवू शकतं.

चालकाच्या बाजूचा दरवाजा उघडा, चौकटीवर किंवा पेट्रोलच्या झाकणामागे एक स्टिकर आहे. त्यावर पुढची, मागची आणि पूर्ण भाराची हवा छापलेली असते. आजच त्याचा फोटो मोबाइलमध्ये काढून ठेवा, डॅशबोर्डच्या खणात एक गेज टाका, आणि पुढच्या वेळी टायर फिरवल्यावर रीसेटच्या बटणाकडे हात जाण्याआधी ते गेज चारही व्हॉल्व्हना लावा.